'रोबोट' कशाला म्हणायचं?

महोदय,

'आता मेंदूची शस्त्रक्रिया रोबोट करणार' ही आपल्या अंकातली बातमी वाचली. त्याच संध्याकाळी शेजारच्या वहिनी कात्रण घेऊन दारात हजर. त्यांच्या भावाच्या पिट्युटरी ग्रंथीवरच्या गाठीचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे. "सिस्टर, मग डॉक्टर बाहेर बसणार का हो?" हा पहिला प्रश्न, आणि "पैसे जास्त घेतील का?" हा दुसरा. ३१ वर्षं ऑपरेशन थिएटरात काढली, त्यातली बरीचशी न्यूरोसर्जरीच्या टेबलाशी. म्हणून हे पत्र.

बातमीतलं काम लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या अभियंत्यांचं आणि मेंदूच्या सर्जनांचं आहे. त्यांचं उपकरण सर्जनच्या मुठीतच राहतं. मुठीवरची जॉयस्टिक फिरवली की पुढचं जेमतेम ३ मिलिमीटरचं टोक हवं तिकडे वळतं. डॉक्टर लांब कन्सोलवर, म्हणजे नियंत्रणाच्या टेबलाशी, बसून यंत्राचे हात चालवतात तो प्रकार निराळा. कॅनडात कॅल्गरीला २००८ मध्ये 'न्यूरोआर्म' नावाच्या रोबोटने मेंदूतली गाठ काढली, ती तशी. आपल्या बातमीत दोन्हींची खिचडी झाली आहे.

टोक वळण्याचं एवढं कौतुक का, ते टेबलाशी उभं राहिलेल्याला चटकन कळेल. पिट्युटरी वाटाण्याएवढी, नाकाच्या पार मागे, कवटीच्या तळाशी हाडाच्या खोबणीत बसलेली. दोन्ही अंगांना मेंदूला रक्त नेणाऱ्या कॅरोटिड धमन्या, डोक्यावर डोळ्यांच्या नसा. नाकपुडीतून दुर्बीण घालतात. तिचं भिंग ३० किंवा ४५ अंशांत तिरकं असलं की कोपऱ्यामागे दडलेली गाठही पडद्यावर दिसते. पण हत्यारांचे, म्हणजे गाठ खरवडून काढायच्या चमच्यासारख्या क्युरेटचे, दांडे सरळ. मग सुरू व्हायचं, "सिस्टर, वाकडी क्युरेट द्या. ही नको, उजवीकडे वळलेली. अजून वाकडी नाही का?" ट्रेमध्ये पाच-सहा मांडलेल्या असायच्या आणि नेमकी हवी ती नसायची. डोळा पोचला तिथे हात पोचत नाही, म्हणून दिसत असलेला तुकडा तसाच सोडून बाहेर यावं लागायचं. वळणारं टोक आलं तर ते या जागी.

हत्याराने थोडी अक्कल स्वतःकडे घेण्यात नवं काहीच नाही. मी नोकरीला लागले तेव्हा कवटीला भोक पाडायला हडसन ब्रेस होता, सुताराच्या गिरमिटासारखा हाताने फिरवायचा. पुढे क्लचवाला परफोरेटर आला. हाड संपून टोकावरचा दाब गेला की तो आपोआप थांबतो. त्याला कुणी रोबोट म्हटलं नाही! आणि तिरका धरला किंवा हाड पातळ लागलं तर तोही कधी थांबत नाही. मी एकदा पाहिलंय. सर्जनने हात आवरता धरला होता म्हणून निभावलं.

वार्ताहराने विचारायचं ते वेगळंच राहून गेलं. हे उपकरण धुणार कसं? स्टीलची क्युरेट ब्रशने घासून ऑटोक्लेव्हमध्ये १३४ अंशांच्या वाफेला टाकली की काम झालं. इथे मोटर, बारीक तारा, त्याहून बारीक सांधे. त्या सांध्यांत सुकलेलं रक्त निघणार कसं? टोक एकदाच वापरून फेकायचं असेल तर बिल पेशंटच्या माथी, म्हणजे वहिनींचा दुसरा प्रश्न. आणि फेकायचं म्हटलं तरी फेकलं जाईलच असं नाही. 'एकदाच वापरा' असं छापलेल्या कितीतरी वस्तू पुन्हा निर्जंतुक होऊन ट्रेमध्ये परत आलेल्या मी माझ्या हाताने मांडल्या आहेत.

वहिनींना एवढंच सांगितलं, की डॉक्टर आतच असतील आणि हत्यारं साधीच, वाकड्या क्युरेटवाली.

- एक निवृत्त ओटी सिस्टर, ठाणे