‘लम्पीसदृश’ किती वर्षे लिहायचे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ऑगस्ट २०२२ मध्ये रावेर तालुक्यातील चिनावलला लम्पीची, म्हणजे गुरांच्या अंगावर गाठी आणणाऱ्या साथीच्या रोगाची, जनावरे सापडली, तेव्हा मी शेजारच्या यावल तालुक्यात पशुधन पर्यवेक्षक होतो. त्या वर्षी पोळ्याला बैल मिरवले नाहीत, गुरांचे बाजार बंद होते आणि मी मोटारसायकलला बर्फाची पेटी बांधून गावोगाव लस टोचत हिंडत होतो. लस शेळ्यांच्या देवीची. लम्पीचा विषाणू आणि शेळीच्या देवीचा विषाणू चुलत भाऊ, म्हणून ती गाईलाही लागू पडते, हे प्रत्येक गोठ्यात सांगावे लागे. ‘गाईला शेळीची लस?’ म्हणून हसणारा एक तरी भेटायचाच.

पुढच्या पावसाळ्यात त्यातल्याच एका गोठ्यातून फोन आला. ‘आप्पा, तुम्हीच टोचली होती ना? मग या बघायला.’ गेलो. गाईच्या मानेवर आणि कासेवर सुपारीएवढ्या गाठी, पुढचे पाय सुजलेले, अंगात ताप. वासराची दशा त्याहून वाईट, पण ते लसीकरणानंतर जन्मलेले. गाईच्या कानातल्या बिल्ल्याचा बारा आकडी नंबर वहीत पाहिला. लस दिल्याची तारीख माझ्याच अक्षरात होती. रजिस्टरमध्ये मी लिहिले, ‘लम्पीसदृश’.

हा ‘सदृश’ आमच्या खात्याचा लाडका शब्द. गाठी दिसल्या की लिहून मोकळे व्हायचे. उपचार तेच, गोचीड-डासांचा बंदोबस्त तोच, मग तपासायचे कशाला, असा आमचा हिशेब. मीही त्याच हिशेबाने चाललो, हे कबूल करतो. पण लस घेतलेली गाय आजारी पडते तेव्हा हा हिशेब चुकतो.  कदाचित दुपारच्या उन्हात पेटीतला बर्फ वितळून लस खराब झाली असेल. वर्ष होत आले, म्हणून लसीचा जोर ओसरला असेल. किंवा गोठ्यात शिरलेला विषाणूच वेगळा असेल. यातले काय घडले, ते नुसत्या गाठी बघून कोणालाही सांगता येणार नाही. गावात मात्र निकाल लागलेला असतो : लस बोगस.

वेगळ्या विषाणूची शंका हवेतली नाही. लम्पी भारतात २०१९ मध्ये ओडिशात प्रथम दिसला. पुढे २०२२ च्या साथीतले गुजरात, राजस्थान, महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या नमुन्यांतील विषाणूची जनुके बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी वाचून पाहिली, तेव्हा विषाणूची दोन घराणी निघाली. एक घराणे रांचीच्या २०१९ च्या आणि हैदराबादच्या २०२० च्या विषाणूशी जुळणारे. दुसऱ्यात १,८०० हून अधिक जनुकीय बदल, आणि ते २०१५ च्या रशियातल्या साथीशी मिळतेजुळते. हे संशोधन २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. बदल आहेत म्हणजे लस निकामी, असा अर्थ कृपया कोणी काढू नये. देवीच्या कुळातले विषाणू सावकाश बदलतात आणि चुलत भावाची लसही चालते, हे आम्ही पाहिले आहेच. हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राने इज्जतनगरच्या भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेबरोबर तयार केलेली देशी लस त्या रांचीच्याच विषाणूपासून बनली आहे. म्हणून तर लस घेऊनही आजारी पडलेल्या गाईत कोणते घराणे होते, हे कळायला हवे.

गुरांच्या तोंडात-खुरांत फोड आणणाऱ्या लाळ-खुरकुताच्या बाबतीत आपण हे केव्हाच शिकलो आहोत. त्या विषाणूच्या एका प्रकाराची लस दुसऱ्या प्रकाराला अडवत नाही. मी नोकरीला लागलो तेव्हा लसीत चार प्रकार असत : ओ, ए, सी आणि एशिया-१. आपल्याकडे १९९५ नंतर ‘सी’ सापडला नाही, म्हणून तो लसीतून गेला. हे कळले कशावरून? कुणीतरी गाईच्या तोंडातली फोडाची साल काढून बाटलीत घालून पाठवली, म्हणून.

तेव्हा माझे मागणे एवढेच, की लस घेऊनही लम्पी झालेल्या जनावरांपैकी दर तालुक्यातून निदान पाच-दहांच्या खपल्या प्रयोगशाळेत जाव्यात. सगळ्यांच्या नकोत, तेवढे हात आणि पैसे नाहीत हे मला ठाऊक आहे. बिल्ल्याचा नंबर आहेच. त्यावर लसीची तारीख आणि बॅच चढवतो, तसा तपासणीचा निकालही चढवावा आणि मालकाला फोनवर कळवावा. २०२२ च्या साथीत गाय मेली तर तीस हजारांच्या भरपाईसाठी पंचनामा तरी झाला. जगली तर तिचा कागदच तयार होत नाही, आणि सांगण्यासारखे तिच्याकडेच जास्त असते.

त्या गाईच्या खपल्या मी नंतर काढल्या होत्या. ब्लेडने, हातमोजे घालून, बल्बमध्ये, म्हणजे नमुन्याच्या छोट्या बाटलीत, भरल्या, थर्मासात बर्फ घातला आणि जिल्ह्याला पोचवल्या. पोच मिळाली, उत्तर आले नाही, आणि मी निवृत्त झालो. गाय वाचली, दूध निम्म्यावर आले ते आलेच. मालक अजून डेअरीवर भेटला की विचारतो, ‘आप्पा, काय आलं त्या बाटलीचं?’ बिल्ल्याचा नंबर आणि बल्ब दिल्याची तारीख माझ्या वहीत आहे. कोणी शोधायला तयार असेल, तर वही घेऊन यायला मी तयार आहे.

— एक निवृत्त पशुधन पर्यवेक्षक, ता. यावल, जि. जळगाव