फ्रँचायझी सर्व्हिस सेंटरमधील फसवणूक : करार संपवण्याची कारवाई करण्याबाबत

प्रति,
ग्राहक तक्रार निवारण विभाग
(प्रत : फ्रँचायझी विभाग)

महोदय,

आपल्या अधिकृत फ्रँचायझी सेंटरमध्ये मी वॉशिंग मशीन दुरुस्तीला दिले होते. नवीन पीसीबी (मशीन चालवणारा इलेक्ट्रॉनिक बोर्ड) बसवल्याचे सांगून पूर्ण पैसे घेतले गेले. मशीन लवकरच पुन्हा बंद पडले, म्हणून दुसऱ्या मेकॅनिकला दाखवले. त्याने बोर्ड बाहेर काढला तर वरच्या स्टिकरचा कोपरा सुटलेला होता. खाली आणखी एक स्टिकर निघाला; त्यावरचा सीरियल नंबर वेगळा आणि तारीख जुनी. कुणाच्या तरी मशीनमधला बोर्ड नवा म्हणून माझ्या गळ्यात मारला होता. फोटो सोबत जोडले आहेत.

सेंटरने बिलाऐवजी हाताने लिहिलेली कच्ची पावती दिली. आपल्या हेल्पलाइनला विचारले तर या दुरुस्तीची नोंदच नाही म्हणतात! आपले नाव वापरण्याबद्दल सेंटर देते ती रॉयल्टी आपल्याला विक्रीवर मिळत असेल, तर ही विक्री लपवल्याने आपलीही फसवणूक झाली आहे.

सेंटरचालक उर्मटपणे बोलले, पण माझी तक्रार त्याबद्दल नाही. बोलणे समज देऊन सुधारते. हेल्पलाइनने मात्र या साऱ्याला एकाच मापाने मोजले : "सेंटर स्वतंत्र व्यवसाय आहे, नोटीस देऊन सुधारण्याची मुदत देऊ." थकलेली रॉयल्टी भरता येते, नवख्या टेक्निशियनला ट्रेनिंग देता येते, अशा उणिवांसाठी मुदत योग्यच आहे. जुना पार्ट नवा म्हणून विकणाऱ्याने मुदतीत नेमके काय सुधारायचे? म्हणून तर फसवणूक, विक्री लपवणे, ट्रेडमार्कचा गैरवापर यांसाठी फ्रँचायझी करारांत मुदत न देता करार संपवण्याचे कलम सहसा असते. आपल्या करारातला मी पक्ष नाही, पण मी पैसे दिले ते पाटीवरचे आपले नाव पाहून.

माझ्या एकट्याच्या शब्दावर करार तोडा, असे मी म्हणत नाही. न कळवता तपासणी करा. सेंटरने आपल्याकडून घेतलेले पीसीबी आणि कच्च्या-पक्क्या पावत्यांवर 'नवीन' म्हणून लावलेले पीसीबी ताडून पाहा. सेंटरचालकांचे म्हणणेही लेखी घ्या. तफावत निघाली, तर मात्र पाठीशी घालू नका. माहीत असून आज गप्प राहिलात, तर उद्या कारवाई करताना "कंपनीला हे चालत होते" हाच त्यांचा बचाव असेल.

करार संपलाच तर पाटी आणि लेटरहेड तर काढून घ्यालच, पण ज्यांच्या दुरुस्त्या वॉरंटीत आहेत त्या ग्राहकांची यादीही ताब्यात घ्या आणि ती जबाबदारी कुणाकडे जाणार हे त्यांना कळवा. ज्यांच्याकडे फक्त कच्ची पावती आहे, त्यांनाही यात धरावे.

माझ्यापुरते म्हणाल तर अस्सल नवीन पीसीबी पक्क्या बिलासह बसवून द्यावा किंवा पूर्ण रक्कम परत करावी. काढलेला बोर्ड मी जपून ठेवला आहे. तपासणीसाठी दाखवीन, पण लेखी पोच मिळाल्याशिवाय हातातून सोडणार नाही.

आपला,
एक ग्राहक

सोबत : पावतीची प्रत, बोर्डचे फोटो