साडेआठची नोंद

नेहरूनगर, कुर्ला (पूर्व)

चि. मीरा,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू म्हणालीस, "बाबा, एवढं हवामानशास्त्र शिकले आणि दिवसभर करते काय, तर मीटिंगा आणि ईमेल." तिथलं, अमेरिकेतलं राज्याचं हवामान कार्यालय सोडून विमा कंपनीत नोकरी धरायचाही विषय काढलास. मला काहीतरी सांगायचं होतं, पण तेवढ्यात फोन आईकडे गेला आणि ते राहूनच गेलं. म्हणून हे पत्र. मी तीस वर्षं पाणी उपसायच्या पंपावर काढली. तुमच्यासारख्यांनी दिलेला इशारा शेवटी जिथे येऊन पोचतो, तिथे मी उभा होतो. तिथून तुझं काम कसं दिसतं, ते तुला माहीत असावं असं वाटतं.

पंपावर निरोप यायचा, उद्या शंभर मिलिमीटर पाऊस. बरं, शंभर. पण तो दिवसभरात रिपरिप पडला तर नाले तो निमूट वाहून नेतात. तोच दोन तासांत कोसळला की रस्त्यावर गुडघाभर साचतं. मुंबईचे जुने नाले ताशी २५ मिलिमीटर पावसाच्या हिशोबाने बांधलेले, पुढे ते ५० पर्यंत न्यायचं काम सुरू झालं. त्यात भरती. समुद्र चढला की नाल्याच्या तोंडाची दारं लावून घ्यावी लागतात, नाहीतर खारं पाणीच वस्तीत शिरतं. दारं लावली की वरचं पाणी जाणार कुठे? त्यामुळे मला नुसता शंभर हा आकडा पुरायचा नाही. किती वेळात पडणार, किती वाजता, आणि तेव्हा भरती की ओहोटी, एवढं कळलं की कुठला पंप कधी सुरू करायचा आणि डिझेल किती भरून ठेवायचं ते मी झोपेतसुद्धा सांगितलं असतं. हे गणित आम्ही आमचंच जुळवायचो. भिंतीवर भरतीचं वेळापत्रक चिकटवलेलं, कानाशी रेडिओ.

मी निवृत्त झालो त्याच्या पुढच्याच वर्षी, जून २०२० मध्ये, 'आयफ्लोज-मुंबई' सुरू झालं. केंद्राचं पृथ्वी विज्ञान मंत्रालय आणि महापालिका यांनी मिळून केलेलं. पाऊस, भरती आणि जमिनीचा उंचसखलपणा एकत्र धरून कुठल्या वॉर्डात किती पाणी चढेल ते आधी सांगायचं, असं त्याचं काम. हवामानवाले आणि नालेवाले एका टेबलाशी बसले म्हणून ते झालं. त्या बसण्यालाच तू मीटिंग म्हणतेस, पोरी.

तुमच्याकडे दर गुरुवारी दुष्काळाचा नकाशा निघतो, त्याबद्दल तू मागे सांगितलं होतंस. त्या नकाशावर कुठल्या काउंटीला, म्हणजे तिथल्या जिल्ह्याला, कुठला रंग लागतो, त्यावर तिथल्या गुरं पाळणाऱ्याला चाऱ्यापोटी मदत मिळणार की नाही हे ठरतं. नकाशा काढणारा दूर बसलेला असतो. अमक्या ठिकाणी विहीर आटली, कुरण करपलं, हे त्याच्यापर्यंत तुमच्या राज्याच्या कार्यालयातून जातं. त्यासाठी शेतकऱ्याला, वनखात्याला, पाणीवाल्यांना फोन करावेच लागतात. तो नकाशा म्हणजे मला तर आपल्याकडच्या पैसेवारीचा भाऊबंद वाटतो. आकडा कुणाचा, यावर गावाचं वर्ष ठरतं. आणि १९७३ साली तुमच्या केंद्र सरकारने राज्यांच्या हवामानतज्ज्ञांचा कार्यक्रम बंद केला, तरी राज्यांनी विद्यापीठांना धरून तो पुन्हा उभा केला. उत्तर कॅरोलिनाचं तुझं कार्यालय १९७६ चं. ज्यांना त्या कामाची गरज होती त्यांनी ते मरू दिलं नाही, हे मला फार मोठं वाटतं.

आता एक गोष्ट सांगतो, जी तुला कधी सांगितली नाही.

पंपावर माझी एक वही असायची, दोनशे पानी, निळ्या पुठ्ठ्याची. भिंतीवर लाल रंगाने फुटांच्या खुणा केल्या होत्या. दर अर्ध्या तासाला पाणी कुठल्या खुणेला आहे ते मी लिहायचो. २६ जुलै २००५. तू तिसरीत होतीस, ती रात्र तू शाळेतच बाकावर काढलीस. माझ्या वहीत त्या दिवशी दुपारी साडेतीनपर्यंतच्या ओळी आहेत. भरती सुमारे साडेचार मीटरची होती. शेवटची ओळ, "३ फूट, चढतंय." त्यानंतर पान कोरं. पंप बुडाला, मी वस्तीतल्या बायकामुलांना वरच्या मजल्यावर चढवत होतो. वही खिशात होती, पेन्सिलही होती. लिहायचं सुचलं नाही.

पुढे काही महिन्यांनी एक तरुण इंजिनिअर अभ्यासासाठी आला. विचारलं, इथे पाणी जास्तीत जास्त किती चढलं आणि किती वाजता? वस्तीत कुणी कमरेइतकं म्हणालं, कुणी गळ्याइतकं. मी म्हणालो, "पाच फूट असेल." असेल! तीस वर्षांत हीच एक नोंद खरोखर लागणार होती आणि तीच माझ्याकडे नव्हती. त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पडला आणि कुलाब्याला फक्त ७४ च्या आसपास. एकाच शहरात, वीस-पंचवीस किलोमीटरवर. दोन्ही वेधशाळांत कुणीतरी मोजत होतं म्हणून आपल्याला ते माहीत आहे. मधल्या वस्त्यांत काय झालं, ते माझ्यासारख्यांनी लिहायला हवं होतं.

कोलोरॅडोत १९९७ च्या पुरानंतर साध्या लोकांनी अंगणात पाऊस मोजायला सुरुवात केली, हे तू सांगितलंस तेव्हा म्हणूनच मी इतका वेळ गप्प होतो. तिथेही गावाच्या एका टोकाला आभाळ फाटलं होतं आणि दुसऱ्या टोकाला तेवढं काही नव्हतं.

तू आणलेलं ते पर्जन्यमापक गच्चीवर, टाकीच्या सावलीपासून लांब, कठड्याला बांधलंय. आतली बारीक नळी २५ मिलिमीटरला भरते, मग पाणी बाहेरच्या भांड्यात सांडतं. सकाळी साडेआठला, कुलाबा वेधशाळेच्याच वेळेला, मी ते फनेलने परत नळीत ओतून मोजतो. भांड्यात सगळं मिळून २८० मावतं. २६ जुलैचा पाऊस त्यात तीनदा भरून वर उरला असता. पाऊस नसेल त्या दिवशी मी शून्य लिहितो, कारण तूच शिकवलंस, शून्य आणि कोरं पान यांत फरक असतो.

सप्टेंबर २०२४ ला हेलीन वादळात तुमच्या डोंगरातल्या बुसिकला तीन दिवसांत ३१ इंचांच्या आसपास पाऊस झाला. साऱ्या देशाच्या नोंदी जपणारं अ‍ॅशव्हिलचं केंद्रसुद्धा बंद पडलं. पण तो पूर १९१६ च्या वर गेला हे लोकांना सांगता आलं, कारण १९१६ ला कुणीतरी खूण लिहून ठेवली होती.

नोकरीचं तू ठरव. घर घ्यायचंय, कर्ज आहे, मला सगळं कळतं. विमा कंपनीत गेलीस तरी मी नाराज होणार नाही. पण जोवर तिथे आहेस तोवर त्या शेतकऱ्यांचे फोन दुसऱ्यावर ढकलू नकोस. आणि इशारा लिहून झाला की एकदा तो पंपावरच्या माणसाला वाचून दाखव. त्याला काय कळलं ते विचार. तो जे विचारील ते पुढच्या वेळी आधीच लिही.

आई विचारतेय, गोडा मसाला पुरतोय का. येणाऱ्या कुणाबरोबर तरी पाठवते म्हणाली.

आज सकाळचं: ४१.५. नळी एकदा पूर्ण, दुसऱ्यांदा १६.५. रात्री तीन ते साडेचारमध्येच पडला बहुतेक, मी जागा होतो. भरती सरली होती, त्यामुळे गल्लीत पाणी थांबलं नाही. तेही वहीत लिहिलंय.

तुझा,
बाबा