बापू भिंत का धरायचे

मु. पो. तेच, नोव्हेंबर

प्रिय मधू,

दिवाळीला तुझा फोन आला तेव्हा मी घरातच होतो. 'ते वावरात गेले' असं हिनं सांगितलं ते माझ्याच सांगण्यावरून. आई बरी, गुडघे तसेच. पऱ्हाटीचा पहिला वेचा झाला, भावाचं विचारू नको.

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी मी न्हाणीत पडलो. पाय घसरला नाही. तोंडाला साबण लावला, डोळे मिटले आणि खालची जमीनच गेली. घंगाळाचा काठ कपाळाला लागला, तीन टाके पडले. ही धावत आली आणि आधी काय केलं तर माझ्या तोंडाचा वास घेतला. नऊ वर्षांचा माळकरी मी!

हस. मीही हसलो. मग खाटेवर पडल्या पडल्या बापू आठवले.

तोंड धुताना डावा हात भिंतीला टेकवून उभे राहायचे ते. तुमच्या न्हाणीच्या भिंतीवर पंजाएवढा तेलकट डाग होता, अजून आहे. काकू दर दिवाळीला चुना मारते, तेल वर येतंच. अंधार पडला की पाय फाकवून, आपटत चालायचे. आणि शोभीच्या लग्नात मांडवातली लाईट गेली तेव्हा ते पंगतीत कोसळले. साऱ्या वऱ्हाडासमोर मी म्हणालो, "बापूनं आज लावली वाटते." तू माझी कॉलर फाडलीस. नवीन शर्ट होता, त्याचे पैसे अजून तुझ्याकडे बाकी आहेत. दोन वर्षं अबोला, मग कोजागिरीला दुधाचा पेला पुढं केलास आणि तो विषय आपण दोघांनीही कधी काढला नाही. आज काढतो.

माझ्या पायाला वर्षभर मुंग्या होत्या. एकानं मणका दबला म्हणून सांगितलं. एका डॉक्टरनं रक्त कमी आहे म्हणून फोलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या दिल्या. चेहऱ्यावर तरतरी आली, मुंग्या मात्र तळव्यातून पोटरीत चढल्या. चप्पल पायातून निघून जायची आणि मला दहा पावलांनी कळायचं. टाके काढायला तालुक्याला गेलो तिथं एक पोरगी डॉक्टर. तिनं लोखंडी चिमट्यासारखं काहीतरी ठोकून घोट्याच्या हाडाला लावलं. "काय जाणवतं?" म्हटलं, थंड लागते. तेच कोपराला लावलं तर हाडात टाळ झणझणला. म्हणजे घोट्यावरही तो वाजतच होता, मला पत्ता नव्हता. मग म्हणाली, "काका, पाय जोडून उभे राहा, डोळे मिटा." मी थेट तिच्या अंगावर.

बी ट्वेल्व्ह जीवनसत्त्व ९६ निघालं. दोनशेच्या खाली गेलं की कमी धरतात. पाय कुठं पडतो हे मेंदूला कळवणाऱ्या नसांवरचं वेष्टण त्यानं झिजतं. उजेडात डोळे सांभाळून घेतात, "अंधारात माणूस प्यायल्यासारखा झोकांड्या खातो." हे शब्द तिचे, मधू.

आंबाडी खा, चवळी खा, झाडपाल्यात ते नाहीच. जंतू ते तयार करतात, आपल्याला मिळतं मटण, मासळी, अंडी, दूध-दह्यातून. दिवसाला जेमतेम दोन मायक्रोग्रॅम लागतं आणि यकृतात काही वर्षांचा साठा असतो, म्हणून माळ घातल्यावर लगेच काही झालं नाही. घरी दोन म्हशी, पण दूध सारं डेअरीला आणि आम्ही काळ्या चहावर. त्यात शुगरची मेटफॉर्मिन, ती वर्षानुवर्षं घेतली की हे अंगी लागू देत नाही. फोलिक अ‍ॅसिडनं तर फसवलंच. रक्त सुधारतं, नसांची झीज चालूच राहते.

मी विचारलं, इंजेक्शन मटणातून काढता काय? म्हणाली, "नाही काका, टाक्यांमध्ये जंतूंकडूनच बनवतात. माळ सुरक्षित." लालभडक असतं, कुंकू कालवल्यासारखं. भाचा फार्मसीला आहे, तो सांगत होता, १९२६ मध्ये अमेरिकेत मायनट आणि मर्फी या डॉक्टरांनी पांढरेफटक पडलेले रोगी रोज कलेजी खाऊ घालून वाचवले, १९३४ ला त्याचं नोबेल मिळालं. सावजीत तू कलेजीची प्लेट माझ्याकडे सरकवायचास, तेव्हा मला वाटायचं बिल अर्धं करायला.

आता बापूंचं जोडून बघ. माळ. कोरा चहा. शुगरची तीच गोळी. लाल गुळगुळीत जीभ, ठेचा ताटाबाहेर काढायचे आणि आपण म्हणायचो, म्हाताऱ्याचे नखरे. त्यांचं रक्त या कारणासाठी कुणी तपासलं नाही, त्यामुळे आता छातीठोक कोण सांगणार. गोळ्यांचं पाकीट नागपूरहून तूच आणायचास, ते मनाला लावून घेऊ नको. गोळी वाईट नाही, मी अजून घेतो. पण शेवटचं दीड वर्ष ते खाटेवरून उठले नाहीत आणि गाव म्हणत राहिलं, दारूनं पाय गेले. ती सुरुवात माझ्या तोंडून झाली होती.

आठवा डोस झाला. जिभेची आग थांबली. पायाला महिने लागतील, सगळं परत येईलच असं नाही म्हणाली.

पिंकीला नोकरी लागली, लय आनंद झाला. फ्लॅटचा ताबा मिळाला का? आणि तुझीही गोळी सात-आठ वर्षांची झाली ना? कोंबडी खातो म्हणून सुटलो समजू नको, एकदा रक्त तपास.

खरी अडचण काकूची आहे. परवा तिचं धान्य पोचवायला गेलो. कपाळ बघून म्हणाली, "काऊन रे, पडला काय?" आणि मग आपणहूनच, "बापूनं थेंब नाही घेतला रे कधी. कोनी आयकलंच नाही मायं." मी पायरीवर बसून राहिलो. सांगावं तर तिचा माणूस गावासमोर धुऊन निघतो. पण मग लगेच विचारेल, "इंजिक्शन किती रुपयाचं रे?" तेव्हा काय सांगू? चार रात्री झाल्या, दोन्हीकडून विचार करतो आणि तिथंच येतो.

आई तुझी आहे. तू म्हणशील तसं. फोन करू नको, फोन आला की ही शेजारी येऊन बसते. पत्रच लिही.

तुझा
दादू