‘वाढत जाते’ला हरकत घेणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

पत्र उघडपणेच लिहितोय. तुमच्याकडे शिकलेले बरेच जण आता माझ्यासारखेच हातात खडू घेऊन उभे असतात, त्यांनीही वाचावं म्हणून.

एफवाय बीएस्सीला तुम्ही अनंत लिमिट (एक्स एखाद्या संख्येजवळ जाताना फंक्शनची, म्हणजे एक्सवर ठरणाऱ्या राशीची, किंमत कुठल्याही मर्यादेच्या वर जाऊन वरच राहणं) ज्या शब्दांत शिकवलंत, त्याचे आभार मानायचे राहूनच गेले. एरवी ऐकू येणारं ‘एक्स शून्याच्या जसजसा जवळ जातो, तसतशी फंक्शनची किंमत वाढत जाते’ हे वाक्य कानाला इतकं गोड लागतं की कुणी हरकतच घेत नाही. तुम्ही त्याच्यासमोर नुसतं ‘मायनस एक्स स्क्वेअर’ लिहिलंत. शून्याकडे येताना वाढतं तर खरं, पण शून्याच्या वर जाईल तर शपथ! मग दुसरं उदाहरण: दोन अधिक साइन वन अपॉन एक्स, सगळ्याला भागिले एक्स स्क्वेअर. हे वाटेत असंख्य वेळा खाली येतं, तरी लिमिट अनंत, कारण वन अपॉन एक्स स्क्वेअरच्या खाली ते कधी उतरत नाही. थोडक्यात, वाढत जाणं पुरेसंही नाही आणि गरजेचंही नाही.

मग तुमची व्याख्या. समोरच्याने हवा तेवढा मोठा आकडा, म्हणजे एम, सांगायचा, त्यानंतर आपण डेल्टा, म्हणजे शून्याभोवतीचं एक छोटं अंतर, द्यायचा. शून्य वगळून, शून्यापासून डेल्टापेक्षा कमी अंतरावरच्या प्रत्येक एक्सला किंमत एमच्या वर हवी. वन अपॉन एक्स स्क्वेअरसाठी एम १०,००० असेल तर डेल्टा ०.०१, एम १०,००,००० असेल तर ०.००१. डेल्टा आधी ठरवून मग सगळे एम पुरे करू म्हटलं, तर एकही फंक्शन सापडायचं नाही.

‘प्रत्येक’खाली तुम्ही दोन रेघा मारायचात. साइन वन अपॉन एक्स भागिले एक्स घेतलं की कळतं का ते: शून्याजवळ ते कुठल्याही एमच्या वर जातं, पण एक्स म्हणजे वन अपॉन एन पाय (एन म्हणजे १, २, ३…) असेल तिथे दरवेळी शून्यावर आपटतं. अमर्याद आहे, लिमिट मात्र अनंत नाही. माझ्या मते सगळ्यात जास्त मुलं इथेच घसरतात.

(इंग्रज गणिती जॉन वॉलिसने अनंताचं चिन्ह १६५५ साली वापरलं, ही काटेकोर भाषा रुळायला एकोणिसावं शतक उजाडलं. मुलांना एक तास जास्त दिला तर काय बिघडलं?)

तुमची सगळी उदाहरणं माझ्या नोट्समध्ये जशीच्या तशी घेतली आहेत. परवानगी गृहीत धरली आहे.

आपला,
एक जुना विद्यार्थी