भिगवणला पक्ष्यांचे फोटो काढायला निघायच्या आधी कॅमेऱ्याची मेमरी कार्डं रिकामी करा, पण नीट!

मंडळी, रविवारी पहाटे निघायचंय तर शनिवारी रात्रीच कार्डं रिकामी करून ठेवा, बोटीत 'कार्ड फुल' दिसलं की घाईघाईत एकेक फोटो उडवत बसतो आणि नेमका नको तो उडतो, माझा पट्टकादंब पक्ष्याचा फोटो असाच गेला, अजून हळहळ वाटते.

फोटो लॅपटॉपवर घेताना कट-पेस्ट अजिबात नको, कॉपीच करा. मधेच केबल हलली तर कट केलेलं कधीकधी ना इकडे ना तिकडे. मग फाईलींचा आकडा आणि साईज दोन्हीकडे जुळते का बघा आणि चार-पाच फोटो मोठे करून उघडा, थंबनेल छान दिसतो पण कधीकधी आतला फोटो अर्धा करडा निघतो. दुसरी कॉपी वेगळ्या हार्डडिस्कवर, त्याच लॅपटॉपच्या डी ड्राईव्हवर नको!! इजेक्ट केल्याशिवाय कार्ड ओढू नका.

एवढं झाल्यावरच फॉरमॅट (म्हणजे अख्खं कार्ड एकदम रिकामं करणं), तेही लॅपटॉपवर नाही, ज्या कॅमेऱ्यात वापरणार त्यातच.

आणि चुकून आधीच फॉरमॅट झालं तर प्लीज त्या कार्डवर पुढे एकही फोटो काढू नका, बाजूला ठेवा आणि मला फोन करा, रिकव्हरी सॉफ्टवेअरने बऱ्याचदा परत मिळतात.