शॉर्ट-पाथ ऊर्ध्वपातन संचातील दोषांबाबत तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : बी-14 मापाच्या, घासलेल्या काचेच्या निमुळत्या जोडांचा सदोष शॉर्ट-पाथ (आखूड वाफमार्गाचा) ऊर्ध्वपातन संच बदलून मिळणेबाबत.

महोदय,

लातूर येथील आमच्या महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र विभागाने आपल्या कंपनीकडून वरील संच खरेदी केला असून देयकाची प्रत सोबत जोडली आहे. ज्या कामासाठी तो घेतला, तेच काम त्यावर होत नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

आमचे पदव्युत्तर विद्यार्थी गवती चहाच्या पातीपासून वाफेच्या साहाय्याने तेल काढतात आणि हाती जेमतेम चार-पाच मिलिलिटर येते. त्यातील सिट्रल, म्हणजे लिंबासारखा वास देणारा मुख्य घटक, नेहमीच्या हवेच्या दाबाला सुमारे 229 अंश सेल्सिअसला उकळते आणि तेवढ्या उष्णतेत ते बिघडूही लागते. दाब 20 मिलिमीटर पाऱ्यापर्यंत उतरवला, तर तेच 120 अंशांच्या आत उकळते. नेहमीच्या लांब कंडेन्सरमध्ये (वाफ थंड करून द्रव करणाऱ्या नळीत) एवढ्याशा नमुन्यातला बराच भाग काचेलाच चिकटून वाया जातो, म्हणून वाफेचा मार्ग आखूड असलेला संच लागतो. मात्र त्यात निर्वात, म्हणजे पंपाने उतरवलेला दाब, टिकला नाही, तर मार्ग आखूड असून उपयोग काय?

निर्वात टिकत नाही, हीच आमची मुख्य तक्रार आहे. बी-14 जोडाला ग्रीस लावून तो फिरवला की घासलेली काच सगळीकडे सारखी पारदर्शक दिसायला हवी. आपल्या संचात संग्राहकाच्या (थेंब गोळा होणाऱ्या भांड्याच्या) जोडावर वरच्या बाजूला तेवढे एक अरुंद पारदर्शक कडे उमटते, खालची काच पांढुरकीच राहते आणि जोड बोटाने हलवला तर डुगडुगतो. दर 10 मिलिमीटर लांबीला व्यासात 1 मिलिमीटर फरक हा या जोडांचा ठरलेला उतार आहे आणि येथे तोच साधलेला नाही, हे उघड आहे. पंपाकडची तोटी बंद करताच मॅनोमीटरवरचा दाब चढू लागतो. त्याच पंपावर, त्याच नळीने आमचा जुना संच जोडला असता दाब स्थिर राहतो.

दुसरा दोष थर्मामीटरचा आहे. बल्बचे वरचे टोक बाजूच्या नळीच्या खालच्या कडेच्या पातळीत यावे लागते, तरच कंडेन्सरकडे वळणारी वाफ बल्बला पूर्ण वेढते. आपण दिलेल्या थर्मामीटरची दांडी आखूड असल्याने बल्ब नळीच्या तोंडाच्या वर राहतो. संग्राहकात थेंब पडू लागले तरी पारा बराच खाली असतो आणि तो स्थिरावेपर्यंत आधीचा हलका अंश व सिट्रल एकत्र झालेले असतात. चार मिलिलिटर नमुन्यात ही चूक नंतर सुधारता येत नाही.

आपल्या प्रतिनिधींनी दूरध्वनीवर कंडेन्सरचे पाणी पुरेसे थंड नसावे, असे सांगितले. 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. अशा गावात आम्ही कंडेन्सरला नळाचे पाणी सोडून देत नाही, बादलीतले बर्फाचे पाणी लहान पंपाने फिरवतो. शिवाय दाबाची वरील तपासणी रिकाम्या, थंड संचावर केलेली आहे, त्यामुळे पाण्याचा येथे संबंधच येत नाही.

तरी निर्वात चाचणी केलेला नवा संच, योग्य लांबीच्या थर्मामीटरसह व चाचणीच्या नोंदीसह, आपल्या खर्चाने पाठवावा. ते शक्य नसल्यास पूर्ण रक्कम परत करावी. पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागावी लागेल. सदोष संच आहे त्या स्थितीत जपून ठेवला आहे. आपल्या तंत्रज्ञांनी येऊन तो आमच्यासमोर तपासावा.

आपला विश्वासू,
प्रयोगशाळा प्रमुख,
रसायनशास्त्र विभाग, लातूर

सोबत : देयकाची प्रत, जोडाची छायाचित्रे, दाबाच्या नोंदी